चांदीचं पाणी आणि मऊ अंडी

कर्जत म्हटलं की आमच्या लॅबमधल्या मुलांना स्टेशनवरचा वडा, धबधबे आणि फार्महाउसवरच्या पार्ट्या आठवतात. मी तिकडे गेले ती जानेवारीत, धबधबे कोरडे असताना, बोटभर कागदी पट्ट्यांचा एक डबा घेऊन. वडा खाल्ला. पण त्याची चव आज आठवत नाही, कारण तेव्हाही माझं लक्ष मांडीवरच्या डब्याकडेच होतं.

त्या पट्ट्या म्हणजे काय, हे मी माझ्या आईला सांगितलं तसंच सांगते. भांड्यात स्वच्छ पाणी घ्यायचं, तळाशी चांदीचा पत्रा ठेवायचा आणि वरून लेसरचा झोत मारायचा. प्रत्येक फटक्याला पत्र्यातून इतके बारीक कण उडतात की पाण्यात चांदी आहे हे डोळ्यांना कळतच नाही. पाणी तेवढं पिवळं होत जातं, हळदीचा हात बुडवल्यासारखं. हे पाणी गाळणकागदावर थेंबाथेंबाने वाळवलं की पट्टी तयार. तिच्यावर शेतातल्या पाण्याचा थेंब टाकायचा. त्यात एखादं रसायन असेल तर ते चांदीच्या कणांना चिकटतं. मग हातात मावणाऱ्या यंत्राचा छोटा लेसर त्यावर धरायचा. परत येणाऱ्या उजेडातून पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखी एक रेघ उमटते, आणि प्रत्येक रसायनाची रेघ वेगळी असते. यंत्र रेघ ओळखतं, टुणकन वाजतं आणि नाव दाखवतं.

"म्हंजे कुंडलीच की," आई म्हणाली होती. मी हो म्हटलं.

मी सेलूची. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उचलतात. आमच्या घरात कॉलेजात गेलेली पहिली मीच, आणि 'लेसर' हा शब्द घरात आणणारीही मीच. आमच्या सरांनी मला लॅबमध्ये घेतलं तेव्हा माझ्यापेक्षा फाडफाड बोलणारी पाच मुलं रांगेत होती. त्यामुळे सर जेव्हा म्हणाले, "लॅबमध्ये सगळं चालतं गं, चिखलात चालतं का ते बघून ये," तेव्हा ही माझीच परीक्षा आहे असं मी धरून चालले. पुण्याहून निघताना एक कोरी पट्टी यंत्राखाली धरून पाहिली. रेघ सपाट. मग पट्ट्यांचे गठ्ठे बांधले, डब्यात भरले, आणि कर्जत येईपर्यंत तो डबा चार वेळा उघडून पाहिला.

कर्जत

कर्जतला मी सरांच्या आत्याकडे उतरले. प्रधानकाकी. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं घराणं कर्जतमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांचं. आता त्या उल्हास नदीजवळच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात आणि स्कूटर अशी चालवतात की रिक्षावाले बाजूला होतात.

"बस," त्या म्हणाल्या.

मी बसले, आणि लगेच उठून डबा उन्हातून सावलीत ठेवला.

"अगं, बस म्हटलं मी. ते काय अंडी उबवायचं यंत्र आहे का?"

पहिल्या जेवणात वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी होती. आमच्याकडे भात म्हणजे सणाचा किंवा आजाऱ्याचा. ज्वारीची भाकरी हेच जेवण. इथे काकींच्या फडताळात तीन डब्यांत तीन तांदूळ होते, एक भाताचा, एक भाकरीचा, एक घावनांचा. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत राहिलं. "ज्वारी हवीय होय तुला? इथे ज्वारी मधुमेहवाले खातात," काकी म्हणाल्या आणि तिसरी भाकरी वाढली.

कर्जतच्या या बाजूला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात होतो. जानेवारीत सगळा शिवार पिवळा असताना मधेच रोपांचे वाफे पोपटी दिसतात. पेरायच्या आधी बियाण्याला थायरम नावाची बुरशीनाशक पूड चोळतात, आणि हे बियाणं कुणी चुकून खाऊ नये म्हणून त्याला लाल रंग दिलेला असतो. माझ्या पट्ट्या हे थायरम ओळखण्यासाठीच बनवलेल्या. दुपारभर मी बांधावरून फिरले. वाफ्यातल्या पाण्यावर पट्टी धरली, टुण. शेजारच्या वाफ्यात, टुण. पाटाच्या कडेला, तिथेही टुण. एका बांधावरून पाय घसरून गुडघाभर चिखलात गेले, पण यंत्र डोक्यावर धरलेलं होतं. सरांना फोन केला.

"सर, येतंय! सगळीकडे येतंय!"

"सगळीकडे?" सर म्हणाले. आवाजात जरा थांबणं होतं. मी आनंदात ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळू अंडी घेऊन आला. कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर डोंगराच्या पायथ्याला आदिवासींची एक वाडी आहे, तिथला हा पंचविशीतला माणूस. गावठी अंडी काकींना आणि दोन फार्महाउसना पोचवतो. त्या दिवशी पिशवीतून अंडं काढताना तो लाजल्यासारखा हळू होता. काकींनी एक हातात घेतलं आणि बोटं आत रुतली. कवच नव्हतंच, नुसती पातळ कातडी. भिजलेल्या फुग्यासारखं ते अंडं तळहातावर आडवं झालं.

"हे काय रे काळू?"

"काय म्हाईत काकू. धा-बारा कोंबड्या हायेत, सगळ्यांचं आसंच. कोंबड्याबी लंगडत्यात."

"डॉक्टरला दाखवलंस?"

"आई म्हनते, डाक्टरचं काम नाय. म्हनते, पायगुन हाय. सोमी आली तवापासून सुरू झालं." सोमी म्हणजे त्याची बायको. दिवाळीनंतर लग्न झालेलं. "उद्या तिचा भाऊ येनार हाय न्यायला."

"न्यायला म्हणजे? माहेरपणाला?"

"न्यायलाच," काळू म्हणाला.

मऊ कवचाच्या अंड्यांबद्दल मी वाचलं होतं. कोंबडीच्या पोटात थायरम गेलं की अंड्याचं कवच धरत नाही, पाय अधू होतात.

"कोंबड्यांना खायला काय घालता?" मी विचारलं.

"दाना. भात."

"लाल?"

काळूने मान वर केली. "लालच हाय. तुमाला कसं म्हाईत?"

पेरणीनंतर उरलेलं बियाणं खालच्या एका शेतकऱ्याने टाकून दिलं होतं. ती गोण काळूच्या आईने डोक्यावर वाहून वर नेली होती. चहा तसाच ठेवून मी डबा उचलला आणि काळूच्या मोटारसायकलवर बसले. मागून काकी ओरडत होत्या, "अगं, चपला तरी नीट घाल!"

वाडी

कोंडाण्याला सुट्टीच्या दिवशी मुंबईची माणसं लेणी बघायला येतात. आम्ही गेलो त्या सकाळी वाटेवर कुणी नव्हतं. झाडीत वाळलेल्या पानांचा आवाज, आणि वर राजमाचीच्या कड्याची भिंत एवढी जवळ की मान मागे टाकावी लागत होती. आमच्या सपाट मुलखात क्षितिज लांब असतं. इथे ते छातीवर आल्यासारखं वाटतं. वाडीतली घरं कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली, दोन-चार नव्या पत्र्यांची. अंगणात वालाच्या शेंगा वाळत होत्या आणि त्यांच्यातून कोंबड्या फिरत होत्या. तीन लंगडत होत्या.

काळूची आई चांगुणाबाई शेंगा सोलत बसली होती. मागच्या दाराशी सोमी भांडी घासत होती. एकोणीस-वीस वर्षांची, बारीक अंगाची. मान खाली, पण डोळे सगळीकडे.

"ही कोन आनलीस रं?" चांगुणाबाईने मुलाला विचारलं.

"काकूंकडची मॅडम हाय. पुन्याची. कोंबड्यांचं बघाया आली."

"कवापासून लंगडत्यात कोंबड्या, मावशी?" मी घरच्या बोलीत विचारलं.

"पुन्याची? भाषा तर आमच्यावानी रांगडी हाय."

"मी परभणीकडची," मी म्हणाले.

"मंग ठीक हाय. बस."

गोण पडवीतच होती. मी मूठभर लाल दाणे वाटीत घेतले, पाणी घातलं, थेंब पट्टीवर टाकला, यंत्र धरलं. टुण. पडद्यावर नाव आलं. शेजारची माणसं जमली होती, त्यांना मी पडदा दाखवला, लाल रंग कशासाठी असतो ते सांगितलं, कवच का धरत नाही ते सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला होता. इतकी वर्षं शिकले ते या अंगणात उपयोगी पडतंय असं मला वाटलं, आणि मी सोमीकडे पाहून हसलेसुद्धा.

चांगुणाबाई शेंगा सोलायची थांबली नव्हती. "म्हंजे तुजं मिशीन वाईट काय ते वळखतं?"

"हे एक औषध ओळखतं."

"मंग हिचा हात बघ." तिने हनुवटीने सोमीकडे खूण केली. "दाना मला दिसतो. हिच्या हातात काय हाय ते दिसत नाय. ते बघ."

कुणीतरी हसलं. मीही हसले. यात घाबरण्यासारखं काही नव्हतंच. उलट बरं, सगळ्यांसमोर एकदा होऊन जाऊ दे. "आज दाण्याला हात लावलास का?" मी सोमीला विचारलं. ती म्हणाली, नाय, सकाळधरनं भांडीच घासतेय. मी तिला पेल्यातल्या पाण्यात बोटं बुडवायला सांगितली. थेंब घेतला. यंत्र धरलं.

टुण.

तेच नाव. तीच रेघ, तितकीच उंच.

सोमी हात लुगड्याला पुसायला लागली, पुन्हा पुन्हा, जोरात. मी घाईने माझ्या बाटलीतलं पाणी घेतलं. टुण. मग काहीच न टाकलेली कोरी पट्टी धरली. टुण.

"यंत्र चुकतंय," मी म्हणाले. "थांबा, यंत्र चुकतंय. कोऱ्या कागदालाही तेच सांगतंय बघा."

"मगाशी दान्याला सांगितलं तवा नाय चुकलं ते?" चांगुणाबाई म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. तीही जराशी घाबरली होती, आणि तेच जास्त वाईट होतं. शेजारणींपैकी एक जण हळूच मागे सरकली, सोमीपासून लांब.

काळूने मला खाली आणून सोडलं. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "मॅडम, तुमी आला नसता तं बरं व्हतं."

काकींची गॅलरी

काकींनी जेवायला बोलावलं, मी गेले नाही. गॅलरीत सगळा डबा उपसला. एकेक पट्टी यंत्राखाली धरली. सगळ्याच बोलत होत्या, पण सारख्या नाही. गठ्ठ्याच्या बाहेरच्या पट्ट्यांची रेघ उंच, आतल्यांची बुटकी. बाहेरची एक उजेडात धरली तेव्हा मधोमध आडवी एक मळकट रेष दिसली. तिथे चांदी काळवंडली होती.

तिथे रबरबँड होता.

आमच्या घरी दाराच्या कडीला रबरबँडांचा झुबका लटकलेला असतो. पुड्याचा, पार्सलचा, परीक्षेच्या पेपरांच्या गठ्ठ्याचा, कोणताच फेकायचा नाही. लॅबमध्ये पट्ट्या ठेवायला चांगली हवाबंद पाकिटं आहेत. ती प्रवासात कशाला वाया घालवायची म्हणून मी माझ्या मनगटावरचे रबरबँड लावले होते. बंद डबा, वरून ऊन. आणि थायरमचं दुसरं काम काय? रबर घट्ट करायला कारखान्यात तेच घालतात. हे माझ्याच लेखाच्या पहिल्या परिच्छेदात लिहिलेलं आहे, माझ्या हाताने.

रबरबँडाचा तुकडा पाण्यात टाकून पाहिला. यंत्र इतक्या मोठ्याने कधी वाजलं नव्हतं. अर्थात वाजायचा आवाज एकच असतो, मला तसं वाटलं. कालचे सगळे वाफे, सगळे पाट, सरांना केलेला तो फोन, सगळं गेलं.

काकी दाराशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे तू पुण्याहून इथवर रबरबँड शोधायला आलीस," त्या म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून जवळ आल्या. "बरं, ते जाऊ दे. आता नवीन पट्ट्या?"

सरांना फोन केला. सर ओरडले नाहीत, त्यामुळे मला आणखी रडू आलं. लॅबचं लेसर दुरुस्तीला उघडलेलं होतं, आठवडाभर बंद. आणि सोमीचा भाऊ उद्या येणार होता.

"काकी, कोरा गाळणकागद माझ्याकडे आहे, त्याला रबर लागलेलं नाही. पण लेसर पाहिजे. चांदी पाहिजे."

काकींनी बोटांवर काहीतरी मोजलं. गणिताच्या बाई फळ्यासमोर मोजतात तसं. "चौकला एक जण भांड्यांवर लेसरने नावं घालतो," त्या म्हणाल्या. "माझ्या भाचीच्या लग्नातले सगळे डबे त्यानेच केले. तुझं लेसर आणि त्याचं लेसर, दोन्ही एकच असतं का?"

चौक

कर्जतहून खालापूर तालुक्यात शिरलं की हवा बदलते. डोंगर तेच, पण जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ढाबे, टायरवाले, गॅरेज, ट्रकमधून सांडलेली खडी. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींच्या स्कूटरवर मागे बसून चौकला पोचेपर्यंत माझ्या केसांत धुळीचा थर बसला होता.

सलीमभाईंचं दुकान एका गॅरेजला चिकटून. आत भिंतभर स्टीलचे डबे, ताटं, क्रिकेटच्या ट्रॉफ्या, आणि कोपऱ्यात ते यंत्र. मला ते पाहून हायसं वाटलं. आमच्या लॅबमधल्या लेसरचा हा गावाकडचा भाऊच होता.

"नाव काय टाकू?" सलीमभाईंनी विचारलं.

"नाव नाही टाकायचं. वाटीत पाणी, पाण्यात नाणं, आणि एकाच जागी मारत राहायचं."

त्यांनी काकींकडे पाहिलं. "मॅडम, हे कोन?"

"माझी पाहुणी. शहाणी आहे, आज जरा घाईत आहे."

"पानी उडून लेन्सवर बसलं तर? माझं धंदा बंद. लगनसराई हाय."

मी त्यांना समजावलं. पाणी अगदी थोडं घेऊ, नाण्याच्या वर बोटाच्या पेराएवढंसुद्धा नाही, आणि वर काच धरू. शेवटी काकींनी पर्समधून देव्हाऱ्यातलं चांदीचं नाणं काढलं. "लक्ष्मीच्या चेहऱ्यावर नको, मागच्या बाजूला मारा," त्यांनी बजावलं.

बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी शेजारच्या गॅरेजातून आणलं. सलीमभाईंनी हिरवे चष्मे दिले. कॉम्प्युटरवर आधीच्या गिऱ्हाइकाची अक्षरं होती, ती काढायला वेळ नको म्हणून तशीच ठेवली. त्यामुळे पाण्याखालच्या नाण्यावर लेसर पुन्हा पुन्हा 'सप्रेम भेट' लिहीत राहिलं. सुरुवातीला काही झालं नाही. पाण्यामुळे झोताचा नेम बदलतो, म्हणून मी टेबल जरा जरा वर घ्यायला सांगत होते. मग एकदम आवाज बदलला. तेलात मोहरी तडतडावी तसा. लॅबमध्येही आम्ही नेम त्या आवाजावरच धरतो.

"हां, हेच! थांबवू नका!"

पाण्यात धुरासारखी वलयं उठली. मग पाणी फिकट झालं, मग पिवळं. सलीमभाई चष्मा लावून वाकले होते.

"चांदी मारली तर पिवळं कसं? सोनं बनवता का काय?"

"बनवता आलं असतं तर ही इथे तुमच्याकडे आली असती का?" काकी म्हणाल्या.

काकींनी घरून धुऊन आणलेल्या चिमट्याने मी कागदाचे तुकडे धरले, थेंब टाकले, पंख्याखाली वाळवले, पुन्हा टाकले. सलीमभाईंनी बसायला खुर्ची दिली, मी बसले नाही. त्यांनी चहा मागवला, तो मी कुठे ठेवला ते कळलंच नाही. नंतर तो एका ट्रॉफीत सापडला.

पहिली पट्टी कोरीच यंत्राखाली धरली. रेघ सपाट. आवाज नाही. मी पुन्हा धरली. सपाट.

"चाललं नाय का?" सलीमभाईंनी चिंतेने विचारलं.

"चाललं," मी म्हणाले. "गप्प आहे म्हणजे चाललं."

पुन्हा वाडीत

आम्ही पोचलो तेव्हा सोमीचा भाऊ आला होता. खालापूरकडच्या एका वाडीतला, वीटभट्टीवर काम करणारा. पडवीत जेवत होता. सोमीचं गाठोडं बांधून भिंतीशी ठेवलेलं. काळू कुठेतरी लांब, आंब्याखाली, आमच्याकडे पाठ करून.

"आली का परत?" चांगुणाबाई म्हणाली. "आज तुजं मिशीन काय म्हनतंय?"

मी बसले. काल माझी चूक झाली, माझ्या कागदाला रबराचं औषध लागलं होतं, हे सांगितलं. मग सगळ्यांसमोर आधी कोरी पट्टी. गप्प. हंड्यातलं पाणी. गप्प. सोमीला बोलावलं तर ती येईना. भावाने ताटावरून मान वर केली आणि म्हणाला, "जा गं, व्हऊ दे एकदा." तिने बोटं बुडवली आणि डोळे मिटून घेतले. गप्प. मग लाल दाण्याचं पाणी.

टुण.

चांगुणाबाई उठली. पदर खोचला आणि हात पुढे केला. "आता माजा बघ."

मी तिच्या हाताकडे पाहिलं. नखांच्या कडांना लाल रंग होता. कोंबड्यांना दाणा तिनेच टाकला होता, त्याच सकाळी. काय निघणार हे मला माहीत होतं. आणि ते निघालं की या अंगणात काय होईल तेही दिसत होतं. कालपर्यंत सुनेचा हात, आजपासून सासूचा. गोण डोक्यावर वाहून आणणारी तीच होती. मी पेला हातात धरून तशीच बसले. काकींनीही ती नखं पाहिली असावीत, कारण त्यांनी माझ्याकडे चटकन पाहिलं.

तेवढ्यात सोमी सरळ गोणीकडे गेली. मूठभर दाणा उचलला, चांगला चोळला, खाली टाकला, आणि येऊन सासूच्या हाताशेजारी आपला हात त्याच पेल्यात घातला.

"दाना दोघी टाकतो, आत्याबाय," ती म्हणाली. "दोघींचा येनार."

टुण.

चांगुणाबाईने आपली बोटं वर धरून पाहिली. मग सोमीची. "धुतल्यावर जातं का?" तिने मला विचारलं.

"साबणाने दोन-तीनदा धुवा. जातं."

"कोंबडीचं?"

"दाणा बंद केला की हळूहळू. काही दिवस लागतील. तोवरची अंडी कुणी खायची नाहीत, विकायचीही नाहीत. आणि गोण पुरून टाका, ओढ्यापासून लांब."

भाऊ हात धुऊन उठला होता. त्याने गाठोडं उचललं. "झालं ना? चल मंग. आईनं बोलवलंय."

मी एकदम उभी राहिले. "तिला आज नेऊ नका."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. लॅबमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. पण हे इथे कसं सांगायचं?

"समजा, आज दाणा बंद केला," मी म्हणाले, "आणि आजच ही माहेरी गेली. महिन्याने अंडी घट्ट झाली. मग लोक काय म्हणतील, कशामुळे झाली?"

भावाला कळलं नाही. चांगुणाबाईला लगेच कळलं.

"ही गेली म्हनून," ती म्हणाली. आणि मग, जणू स्वतःलाच, "मीच म्हनंन."

काकी खुदकन हसल्या. चांगुणाबाईही हसली, पण तोंड फिरवून. सोमी हसली नाही. तिने भावाच्या हातातून गाठोडं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं.

"दादा, मी आत्ता येत नाय," ती बाहेर येऊन म्हणाली. "अंडी घट झाली का येईन. चार दिस ऱ्हायला येईन."

भावाने आपली पिशवी उचलली. मग चांगुणाबाईने त्याच्या पिशवीत वालाच्या शेंगा भरल्या. इतक्या की पिशवी बंद होईना. काळू आंब्याखालून आला आणि गोणीला हात घातला. आईने त्याला हाताने बाजूला केलं. दुसरं टोक सोमीने धरलं, आणि दोघी ती गोण घराच्या मागे, वरच्या माळावर घेऊन गेल्या. काळू कुदळ घेऊन मागून.

पुणे

परत आल्यावर सरांना सगळं सांगितलं, रबरबँडासकट. पहिल्या दिवसाची सगळी मापं खोडून टाकली. सरांनी हवाबंद पाकिटांचं अख्खं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं.

मग वाट पाहणं. मला वाट पाहता येत नाही. यंत्र निदान लगेच वाजतं तरी. कोंबडीला घाई नसते. रोज वाटायचं काळूला फोन करावा, आणि रोज भीती वाटायची. कवच धरलंच नाही तर? काही कोंबड्या तशाच अधू राहिल्या तर? मी सगळ्यांसमोर जे ठामपणे बोलले ते एका पुस्तकातल्या दोन ओळींवर बोलले होते. आणि माझ्या त्या बोलण्यावर एक मुलगी त्या घरात थांबली होती.

फेब्रुवारी सरता सरता एका दुपारी अनोळखी नंबर आला.

"मॅडम, मी सोमी."

मला खुर्चीत बसवेना. "अंडी?"

"घट झाली. दोन कोंबड्या मेल्या, बाकीच्यांची झाली. पैलं घट अंडं निघालं तर आत्याबायनी चुलीच्या दगडावर आपटून बघितलं. फुटलंच नाय. मंग जोरात आपटलं, तवा फुटलं." ती हसत होती. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"आता कुठून बोलतेस? काळूच्या फोनवरून?"

"नाय. दादाच्या. माहेरी आलेय." मागून कुणीतरी तिला हाक मारली, ती 'आले गं' म्हणाली आणि पुन्हा फोनवर आली. "आत्याबाय रोज फोन करत्यात. आज किती अंडी, उद्या किती. मंग म्हनत्यात, कदी येतीस."

"मग कधी जातेस?"

"बघू," सोमी म्हणाली. "चार दिस म्हनले व्हते. आठ ऱ्हाते."